जातिवंत कुत्रा, वारशाचे दुखणे

आमचे घर अंबाजोगाईतील इतर अनेक व्यापारी घरांसारखेच आहे. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर राहते घर. दुकानातून घरात यायला अठरा पायऱ्यांचा जिना आहे. राजा, म्हणजे आमचा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा, लहान असताना हा जिना दिवसातून वीस-पंचवीस वेळा चढत-उतरत असे. दुकानाचे शटर वर गेल्याचा आवाज आला की तो खाली धावे आणि तव्यावर फुलका फुगल्याचा वास आला की वर येई. मुलांना या धावपळीचे मोठे कौतुक वाटे. आम्हा मोठ्यांनाही वाटे. त्या कौतुकात किती अज्ञान होते, हे पुढे कळले.

राजा अकरा महिन्यांचा असताना एके सकाळी तिसऱ्या पायरीवर थांबला. वर पाहून हलकेच कण्हला आणि मग मागचे दोन्ही पाय एकदम उचलून, सशासारख्या उड्या मारीत वर आला. त्या दिवसानंतर आम्ही लक्ष देऊ लागलो. बसून उठताना त्याला वेळ लागे. बसताना तो एक पाय बाजूला टाकून बसे. चालताना कंबर डावी-उजवीकडे डुले. छाती आणि खांदे भरदार होत होते, मांड्या मात्र बारीक होत चालल्या होत्या.

घरात प्रत्येकाने आपापले निदान केले. सासूबाई म्हणाल्या, थंडी बाधली असेल, आणि त्यांनी कोमट तिळाच्या तेलाने मालिश सुरू केली. बाबूजी म्हणाले, खाऊन-खाऊन सुस्तावला आहे. दुकानावर आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितले, पाय मुरगळला असणार, हळद बांधा. या सगळ्यात दोन महिने गेले.

आपल्या गावात माणसांसाठी स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आसपासच्या तालुक्यांतून लोक हाडांच्या दुखण्यासाठी येथे येतात. राजाला मात्र परगावी न्यावे लागले. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, हे आम्हाला गरज पडली तेव्हा ठाऊक झाले. तेथे गुंगीचे औषध देऊन, उताणे निजवून, मागचे पाय सरळ ताणून त्याचा एक्स-रे काढण्यात आला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि शांतपणे म्हणाले, "हा कोठे पडलेला नाही. याला हे घराण्यातून मिळाले आहे. पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांचे एक्स-रे पाहिले होते का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पिल्लू आम्ही एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून चांगली रक्कम मोजून आणले होते. कान उभे राहतील का, रंग काळा-तांबूस आहे का, कागदपत्रे आहेत का, एवढेच विचारले होते. बाबूजी चाळीस वर्षे मोंढ्यात व्यवहार करतात. सोयाबीनच्या पोत्यात हात घालून मूठभर माल काढल्याशिवाय आणि दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहिल्याशिवाय त्यांनी कधी भाव बोललेला नाही. परतीच्या वाटेवर ते गाडीत एकच वाक्य बोलले : "वानगी न पाहता आयुष्यात हा एकच सौदा केला, आणि तो जिवंत जीवाचा."

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. आपल्या समाजातील अनेक घरांत आता जातिवंत कुत्रे आली आहेत. त्यांच्यावर प्रेमही भरपूर होते. त्या प्रेमाला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर अनेक मुक्या जीवांच्या वेदना टळतील.

खुब्यात नेमके काय बिघडते?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोट्यासारखे गोल असते. कमरेच्या हाडात त्याच्यासाठी वाटीसारखी खोबण असते. गोटा वाटीत घट्ट आणि सुरळीत फिरला, तर जनावर विनासायास धावते. ही रचना नीट न घडणे, म्हणजे खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ. पशुवैद्यक तिला 'हिप डिस्प्लेसिया' म्हणतात. कुत्र्यांमधील या विकाराचे पहिले वर्णन अमेरिकेतील पशुवैद्यक गेरी श्नेल यांनी १९३५ साली केले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे खुबे सर्वसाधारणपणे ठीक दिसतात. बिघाड पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत होतो. या काळात हाडे कोवळी असतात आणि वाटीला आतल्या गोट्याच्या दाबाने आकार येत असतो. सांध्याचे बंध ढिले असतील, तर गोटा जागेवर राहत नाही. चालताना थोडा बाहेर सरकतो आणि पुन्हा आत येतो. वाटी मग खोल न होता उथळ होते, तिची कड झिजते, गोटा चपटा होतो. हलणारा सांधा स्थिर करण्यासाठी शरीर कडेने नवे हाड घालू लागते. हाच पुढे कायमचा संधिवात होतो.

या दुखण्याला दोन ऋतू असतात. पहिला साधारण पाच महिने ते एक वर्ष या वयात येतो. त्यानंतर सांध्याभोवतीचे आवरण जाड होते, ढिलेपणा कमी होतो आणि वेदना काहीशी ओसरते. मालकाला वाटते, कुत्रा बरा झाला. दुसरा ऋतू उतारवयात येतो. तोपर्यंत सांधा झिजलेला असतो आणि गेलेले कूर्चेचे अस्तर परत आणता येत नाही. म्हणूनच मधल्या समाधानाच्या काळात गाफील राहू नये.

जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या मोठ्या जातींत हा विकार विशेष आढळतो. पण तो केवळ मोठ्यांचा नव्हे. पग आणि बुलडॉग या ठेंगण्या जातींतही त्याचे प्रमाण फार मोठे आहे. मोठ्या जातींत पुढच्या पायाच्या कोपराचा सांधाही असाच वारशाने सदोष असू शकतो. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. चालता-चालता कुत्रा अचानक एक पाय उचलतो, चार-सहा पावले तीन पायांवर टाकतो आणि काहीच झाले नाही अशा थाटात पुन्हा चालू लागतो. घरची मंडळी ती त्याची गंमत समजतात. तो गुडघ्याचा दोष असण्याची शक्यता अधिक.

एकाच घराण्यात सोयरीक

आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र पाहण्याची चाल आहे. एका गोत्रात विवाह होत नाही. जुन्या घरांत आईचे, आजीचे गोत्रही टाळले जाई. त्या रिवाजामागची भावना काहीही असो, जवळच्या रक्ताची सोयरीक वारंवार झाली की दडलेले दोष वर येतात, हे आज विज्ञान सांगते. जातिवंत कुत्र्यांच्या बाबतीत नेमके उलटे घडले.

कुत्र्यांच्या आजच्या बहुतेक जाती फार जुन्या नाहीत. लंडनमधील केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. त्यानंतर एकेका जातीची वंशावळीची वही तयार होऊन बंद झाली. वहीत ज्यांची नावे आहेत त्यांच्याच संततीने आपापसांत वंश वाढवायचा, बाहेरचे रक्त येऊ द्यायचे नाही, असा हा नियम. जर्मन शेफर्डचेच पाहा. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन अधिकाऱ्याने १८९९ साली होरांड नावाचा मेंढपाळी कुत्रा विकत घेतला आणि त्या जातीच्या वहीत पहिली नोंद त्याची केली. जगभरातील जर्मन शेफर्डांच्या वंशावळी मागे मागे जात अखेर त्याच मोजक्या पूर्वजांपाशी पोहोचतात. पुढे प्रदर्शनांतील बक्षिसांसाठी उतरती पाठ, विशिष्ट डौल, विशिष्ट रंग यांची निवड होत गेली. एखादा नर विजेता ठरला की शेकडो पिल्ले त्याचीच. त्याच्या खुब्यात दोष असेल, तर तोही त्याच वाटेने घरोघर पोहोचे.

हा दोष एखाद्या एकाच गुणसूत्रावरील एका चुकीमुळे येत नाही. अनेक जनुके थोडा-थोडा वाटा उचलतात आणि आहार, वजन, जमीन, व्यायाम ही परिस्थिती त्यात भर घालते. त्यामुळे आई-वडील दोघेही धडधाकट दिसत असूनही पिल्लू लंगडे निघू शकते. आणि एकाच वेतातील पाच पिल्लांपैकी दोघांना त्रास होतो, तिघांना होत नाही. 'आमचा कुत्रा तर मस्त धावतो' हे विक्रेत्याचे वाक्य म्हणूनच पुरावा ठरत नाही. खुब्याचा खरा पुरावा एक्स-रेच देतो.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

आमच्याकडे राजाची कागदपत्रे होती. चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीपत्रावरून कुत्र्याची जात आणि पूर्वजांची नावे कळतात. तो वंशाचा दाखला आहे, आरोग्याचा नव्हे. हा भेद आम्हाला माहीत नव्हता. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर बिलावर मालाचे नाव असते. माल सुका आहे की ओला, हे वेगळे तपासावे लागते.

ही तपासणी जगात साठ वर्षांपासून चालू आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली खुब्यांच्या एक्स-रे तपासणीची योजना सुरू झाली. तेथे प्रत्येक खुब्याला ० ते ५३ असे दोषाचे गुण दिले जातात. दोन्ही मिळून जास्तीत जास्त १०६. गुण जितके कमी, तितका खुबा चांगला. अमेरिकेत १९६६ साली याच कामासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. ती कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच अंतिम दाखला देते. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सांध्याचा ढिलेपणा मोजण्याची आणखी एक पद्धत विकसित झाली. तिने सोळा आठवड्यांच्या पिल्लाचीही परीक्षा करता येते.

अशा चाचण्यांवर आधारलेल्या निवडीने काय साधते, याचे एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील 'द सीइंग आय' ही संस्था दृष्टिहीनांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करते. तिने चांगल्या खुब्यांच्या नर-मादींचीच पैदाशीसाठी निवड करण्याचे धोरण चिकाटीने राबवले. पाचहून कमी पिढ्यांत तिच्या जर्मन शेफर्डमधील या विकाराचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर, तर लॅब्राडोरमधील ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. वारसा बदलत नाही, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आपल्या देशातही कायदा आहे. केंद्र सरकारने २०१७ साली श्वान पैदास व विक्रीसंबंधी नियम लागू केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी किमान अठरा महिन्यांची आणि निरोगी असली पाहिजे; आयुष्यात तिची पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आपल्यापैकी किती जणांनी पिल्लू घेताना ही नोंदणी दाखवा म्हटले आहे? आम्ही तरी नाही.

म्हणून पिल्लू घ्यायचेच असेल, तर चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, आई आणि शक्य तर वडील प्रत्यक्ष पाहावेत, त्यांना उठताना, बसताना, चालताना पाहावे. आपल्या भागातील शेतकरी देवणी किंवा लाल कंधारी बैल घेताना दात पाहतो, चार पावले चालवून पाहतो, गाय कोणाची होती हे विचारतो. तेच शहाणपण येथे हवे. दुसरी, दोन्ही पालकांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे किंवा त्यांचा दाखला मागावा. तिसरी, याच जोडीची आधीची पिल्ले कोठे आहेत आणि दोन-तीन वर्षांनी कशी चालतात, याची चौकशी करावी. चौथी, विक्रेत्याची नोंदणी पाहावी. या प्रश्नांनी जो चिडतो, त्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतावे. गिऱ्हाईक विचारू लागले की बाजार सुधारतो, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आपल्या हातात काय आहे?

वारसा आपल्या हातात नसला, तरी पुढचे बरेच काही असते. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती वजनाची. या विषयातील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडोर पिल्लांच्या चोवीस जोड्या करण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटात खुब्यांचे दोष कमी आढळले, सांधेदुखीवर औषध सुरू करण्याची वेळ सुमारे तीन वर्षे उशिरा आली आणि मध्यम आयुर्मान ११.२ वर्षांऐवजी १३ वर्षे भरले. दोन्ही गटांचा वारसा सारखाच होता. फरक होता तो ताटलीचा.

लॅब्राडोर सतत भुकेला का असतो, याचेही एक कारण सापडले आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे चतुर्थांश लॅब्राडोरांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. त्याचे केविलवाणे डोळे पाहून आपण पोळी टाकतो. पण ती भूक पोटाची नसते. आपल्या घरांत अन्न नाकारणे जड जाते, आलेल्या प्रत्येकाला खाऊ घालणे हा आपला संस्कार आहे. परंतु श्रावकाच्या अहिंसाव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' हाही एक सांगितला आहे, म्हणजे जनावरावर पेलणार नाही एवढे ओझे लादणे. बैलाच्या पाठीवरचे ओझे आपल्याला दिसते. दुखऱ्या खुब्यांवर आपण लाडाने चढवलेले सात-आठ किलो मांस हेही ओझेच, हे मला राजामुळे उमगले. कुत्र्याच्या बरगड्या दिसू नयेत, पण तळहात हलकेच फिरवला तर हाताला लागाव्यात, आणि वरून पाहिले असता कंबर आत गेलेली दिसावी, ही सोपी कसोटी.

शाकाहारी घरात कुत्र्याला काय द्यावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कुत्रा मांजरासारखा काटेकोर मांसाहारी नाही. माणसाच्या सहवासात पिष्टमय अन्न पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा त्याच्यात कितीतरी वाढली आहे, हे २०१३ सालच्या संशोधनाने दाखवले. त्यामुळे नीट आखलेला शाकाहार त्याला चालू शकतो. मात्र नुसती दूध-पोळी म्हणजे नीट आखलेला आहार नव्हे. त्यात प्रथिने अपुरी पडतात आणि तूप-गुळाने चरबी वाढते. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवून घ्यावे. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात. ते आपल्या अनेक घरांत शिजतच नाहीत. पण द्राक्षे, बेदाणे आणि मनुकाही त्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि त्या आपल्या डब्यांत नेहमी असतात.

आणखी एक चूक आमच्या हातून झाली. हाडे मजबूत व्हावीत म्हणून राजाला आम्ही लहानपणी कॅल्शियमचे औषध चमच्या-चमच्याने पाजत होतो. मोठ्या जातींच्या कोवळ्या पिल्लांना जादा कॅल्शियम शरीराबाहेर थोपवून धरता येत नाही. ते शोषले जाते आणि हाडांच्या वाढीचा क्रम बिघडवते. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी संतुलित आहार दिला जात असेल, तर वरून कॅल्शियम देऊ नये. त्याने भराभर वाढावे, असाही आग्रह नसावा. सावकाश वाढलेली हाडेच टिकतात.

आता त्या जिन्याविषयी. नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींच्या पिल्लांची पाहणी झाली. जन्मापासून तीन महिन्यांच्या वयापर्यंत रोज जिना चढणाऱ्या पिल्लांत हा विकार अधिक आढळला. उलट मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर मोकळेपणी बागडलेल्या पिल्लांत कमी. आमच्याकडे अठरा पायऱ्या, आणि वर आल्यावर आरशासारखी गुळगुळीत फरशी. पाहुणे जिची स्तुती करीत, त्या फरशीवर राजाचे मागचे पाय सतत बाजूला घसरत होते. आता जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक आहे आणि घरभर सतरंज्या व रबरी पट्ट्या टाकल्या आहेत. दिवाणखाना पूर्वीसारखा शोभिवंत दिसत नाही. राजा मात्र न घसरता चालतो.

उपचार आणि एक इशारा

निदान लवकर झाले, तर शस्त्रक्रियेचे मार्ग अधिक असतात. अगदी लहान, चार-पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लात छोट्या शस्त्रक्रियेने कमरेच्या हाडाची वाढ वळवता येते. सांधा झिजण्यापूर्वी कमरेचे हाड कापून वाटी गोट्यावर नीट फिरवता येते. सांधा पुरता गेला, तर गोट्याचा भाग काढून टाकतात किंवा माणसांप्रमाणे कृत्रिम सांधा बसवतात. शेवटचा उपाय खर्चिक आहे आणि मोठ्या शहरांतील मोजक्याच ठिकाणी होतो. आम्ही दोन महिने मालिश करीत घालवल्यामुळे काही दारे बंद झाली होती, हे कबूल केले पाहिजे.

तरीही शस्त्रक्रियेविना बरेच साधते. वजन ताब्यात ठेवणे, रोज ठरावीक वेळी पट्टा लावून सपाट मातीवर सावकाश फिरवणे, शक्य असेल तेथे पोहायला देणे, थंडीत ऊब आणि जाड बिछाना, आणि गरज पडेल तेव्हा पशुवैद्यकाने दिलेले वेदनाशामक. उड्या मारणे, चेंडूमागे धावून गर्रकन वळणे टाळावे.

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. कुत्रा कण्हतो म्हणून घरातील माणसांची वेदनाशामक गोळी त्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल ही आपल्याला सवयीची औषधे कुत्र्याचे जठर, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी करू शकतात. औषधांचे दुकान आपलेच असले, तरी हा मोह आवरावा.

पिल्लू नको, हा निर्णय

राजा दोन वर्षांचा झाला तेव्हा खरी परीक्षा आली. तो दिसायला देखणा होता, मधला बरा काळ चालू होता आणि त्याची कीर्ती नात्यात पसरली होती. एका नातेवाइकांनी आपल्या मादीसाठी त्याला मागितले. म्हणाले, "पिल्ले वाटून घेऊ, निम्मी तुमची." नकार दिला तर त्यांना वाईट वाटणार होते. शिवाय घरातील मुलांना राजाचे पिल्लू हवेच होते.

त्या रात्री जेवणानंतर बाबूजींनी तो जुना एक्स-रे कपाटातून काढला आणि मुलांना दाखवला. म्हणाले, "हे दुखणे राजाला कोणीतरी दिले आहे. त्या माणसाला तेव्हा ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून त्याने दिले असेल. आपल्याला ठाऊक आहे." धाकट्या मुलीने विचारले, "पण पिल्ले चांगलीही निघतील ना?" बाबूजी म्हणाले, "निघतीलही. जी निघणार नाहीत, त्यांनी आपल्याला काय म्हणावे?" नातेवाइकांना दुसऱ्या दिवशी एक्स-रेसह नकार कळवला. ते काही महिने बोलले नाहीत. पुढे बोलू लागले.

ज्यांना नसबंदी करावयाची असेल, त्यांनी वेळ पशुवैद्यकांशी बोलून ठरवावी. मोठ्या जातींत एक वर्षाच्या आत केलेल्या नसबंदीमुळे सांध्यांचे विकार वाढतात, असे गोल्डन रिट्रीव्हरवरील संशोधनात दिसून आले आहे. कारण हाडांची वाढ पूर्ण होण्यात शरीरातील संप्रेरकांचा वाटा असतो.

आणि ज्यांना केवळ सोबत हवी आहे, राखण हवी आहे, त्यांनी आपल्या गल्लीतील पिल्लाकडेही एकदा पाहावे. गावठी कुत्र्याचा वंश बंद वहीत अडकलेला नाही; ज्याला नीट धावता येत नाही त्याचा निभाव तेथे लागत नाही. त्यामुळे असे वारसादोष त्याच्यात तुलनेने कमी साठतात. आपल्या मराठवाड्यातील कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या धावण्याच्या गुणावर निवडला गेला. त्याच्याच घडणीच्या ग्रेहाउंडसारख्या धावपटू जातींत खुब्याचा हा दोष अत्यंत विरळ आहे. रूपावर निवड केली तर काय होते आणि कामावर केली तर काय होते, हे या दोन वाटांवरून कळते.

बेवारस कुत्र्यांशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि जैन, हिंदूही त्यांना मिळाले. त्यातूनच १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. जमशेटजी जिजीभाई यांच्यासोबत आपले शेठ मोतीशा तिचे संस्थापक होते. ती कुत्री कोणत्या जातीची होती, हे कोणी विचारले नव्हते.

राजा आज नऊ वर्षांचा आहे. वरच्या मजल्यावर तो आता येत नाही. दुकानात बाबूजींच्या गादीशेजारी त्याचा जाड बिछाना आहे. रोज सकाळी मुकुंदराजांच्या समाधीच्या वाटेवर, डांबर सोडून कडेच्या मातीवरून, आम्ही त्याला अर्धा तास हळूहळू चालवतो. थंडीच्या दिवसांत पहिली पाच मिनिटे तो अडखळतो, मग पाय मोकळे होतात. काही दिवस औषध लागते, काही दिवस लागत नाही.

दुकानावर येणारे व्यापारी त्याला पाहून थांबतात. एखादा म्हणतो, आम्हालाही असेच पिल्लू घ्यायचे आहे, कोठे मिळेल? बाबूजी हातातील वही बाजूला ठेवतात, चष्मा काढतात आणि आधी एकच प्रश्न विचारतात : "आई-वडिलांचे एक्स-रे पाहिलेत का?"